पाच वाजताचं दुखणं

वनरक्षक निवास, ता. झरी जामणी
६ जानेवारी २०२५

दीपाताई,
जयभीम.

पत्र पाहून दचकशील. मोबाईल मी आईच्या पेटीत ठेवून देला आहे. यवतमाळच्या डॉक्टरनं सांगतलं, दोन महिने ग्रुपवरचे मेसेज पाहू नको, टिंग वाजलं का तुझे खांदे कानाले लागतात. खरंच लागतात. म्हणून हा कागद.

एमआरआय झाला. गादी सरकली नाई, नस दबली नाई, काहीच नाई. डॉक्टर म्हणे, "हे ताणाचं दुखणं आहे." मी म्हटलं, "मंजे मी नाटक करून राह्यली काय?" थो हसला. मले त्या हसण्याचा इतका राग आला का मान आणखी आखडली. गोळ्या देल्ल्या, व्यायामाचा कागद देला, आन् एका समुपदेशक बाईचा नंबर देला. तिच्याकडं मी काही जात नाई. मी काय येडी झाली?

३ मार्चले रजा संपते. रेंजर मॅडम वाईट नाई. मायेनंच म्हणे, "मोनाली, बीट फिरणं जमत नसेल तर ऑफिसात टेबल देते, आवक-जावक सांभाळ." ताई, चौदा वर्षं झाली, हे जंगल मी पायानं मोजलं. मले टेबल नको. मले माझं बीट पाह्यजे. ३ मार्चले पट्टा बांधून मी उभी राह्यली पाह्यजे, बस.

आता आईचं ऐक. तिचं एकच चालू आहे. "पायाकडून जलमलेली पोरगी घरात आहे आन् तू दवाखाने कायले हिंडतं? दीपा पायाळू आहे. तीन इतवार तिनं पाठीत लाथ मारली का चौथ्या इतवारी तू झाडावर चढशीन." तुले राग येईन, मले माहीत आहे. पण मीबी आता तिथं पोचली आहे का कोणी म्हटलं तं दगडालेबी पाठ लावीन. येतं काय?

तुझी,
मोनाली


कळंब
१२ जानेवारी २०२५

प्रिय मोनाली,
जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. पहिल्या दिवशी जे लिहिलं असतं ते रागाचं झालं असतं.

लाथ मारायला मी येणार नाही. कारण सांगते. माझ्या आईशिवाय कोणाला सांगितलेलं नाही, वहीत मात्र सव्वीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं आहे.

मी सहा वर्षांची असल्यापासून आजोबांच्या अंगणात रविवारी माणसं पालथी झोपायची आणि मी त्यांच्या पाठीला पाय लावायचे. कोणी गुळाचा खडा द्यायचं. बाबासाहेबांचा फोटो घरात, नवस-अंगारे सगळे सोडलेले, पण पायाळूची लाथ मात्र चालायची. "हे देवाचं नाही, हे अंगाचं आहे" असं आजोबा म्हणत. एकोणीस वर्षांची झाले, अमरावतीला बी. एस्सी. करत होते, सुट्टीत आले. आमच्या मागच्या आळीतले किसनराव पाठ धरून आले. तोवर मला पक्कं कळलं होतं की बाळ आईच्या पोटातून कोणत्या बाजूने बाहेर येतं याचा दुसऱ्याच्या पाठीशी संबंध नसतो. तरी मी तीन रविवार पाय लावला. त्यांना बरं वाटलं. मलाही बरं वाटलं, माझ्यामुळे त्यांना बरं वाटतंय म्हणून. ते दवाखान्यात गेलेच नाहीत. मणक्याचा क्षय होता. पाच महिन्यांनी त्यांचे पाय गेले.

मी जीवशास्त्र शिकवते, अंधश्रद्धेवर पोरांपुढे भाषणं देते. भाषण देताना दर वेळी किसनराव आठवतात आणि दर वेळी त्यांचा उल्लेख मी टाळते. असो. हे तुझ्यासाठी लिहायचं नव्हतं.

तुझ्यासाठी हे: तुझं दुखणं खोटं नाही. ताणाने स्नायू खरेच आवळतात, खरेच दुखतात. डॉक्टरांनी हसायला नको होतं. पण एमआरआय नीट आला ही चांगली बातमी आहे, तिचा अपमान वाटून घेऊ नकोस. गोळ्या बंद करायच्या नाहीत. त्याच्या जोडीने मी काय काय काढलं आहे ते सोबतच्या कागदावर आहे: सकाळी कोमट शेक, मग व्यायाम, दुपारी तेलाने हलकी मालिश, संध्याकाळी वीस मिनिटं आनापान, डोळे मिटून, श्वासावर लक्ष. आणि एक वही. दुखणं कधी सुरू होतं, कधी उतरतं, रोज लिही. पन्नास दिवस आहेत. आपण हे करू.

मावशीला जयभीम सांग. लाथेचं मी नाही म्हणाले हेही सांग, गोड करून सांगू नकोस.

दीपा


३० जानेवारी २०२५

दीपाताई,
जयभीम.

तुझा कागद भिंतीले चिकटवला आहे. आई म्हणते, "हे काय, कॉलेजचं टाईमटेबल होय काय? मधल्या सुट्टीत मुताले जाऊ देते का तुही बहीण?" लाथेचं तिले सांगतलं. ती म्हणे, "शिकली आन् पाय जड झाला." मी गोड करून सांगतलं नाई, आन् तिनं म्हटलं थेबी जसंच्या तसं लिहून राह्यली.

शेक चांगला वाटते. व्यायाम करते. मालिशले बाजूच्या पोडावरची, कोलामाच्या वस्तीतली, लच्छुबाई टेकाम येते. म्हातारी, बोटं बाभळीची, मोहाच्या बियांचं तेल आणते, बोलत काही नाई. ती गेली का घंटा-दोन घंटे मान हलते. तिले विचारलं, "हे कुठं शिकली?" तं म्हणे, "बकऱ्यांवर."

पण थे आनापान मले जमत नाई. डोळे मिटले का उलटंच होते, मान लाकूड होते, श्वास गळ्यात अडकते. चार दिवस केलं, सोडून देलं. त्याचं काही विचारू नको.

वहीचे चौदा दिवस, १६ ते २९, उतरवून पाठवून राह्यली. मले तं त्यात काही दिसत नाई. नुसतं दुखलं, दुखलं, दुखलं.

मोनाली


कळंब
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय मोनाली,

आधी माफी. तुझं पत्र वाचून पहिला विचार आला तो असा: चार दिवसांत सोडलं, हिला चिकाटी नाही. चौदा वर्षं जंगल चालणाऱ्या बाईबद्दल मी हा विचार केला. मग स्वतःला विचारलं, तुझ्या अंगावर माझं वेळापत्रक चिकटवायचा अधिकार मला कोणी दिला? किसनरावांची भरपाई मी तुझ्याकडून करून घेते आहे का? उत्तर मला आवडलं नाही. कागद भिंतीवरून काढ. जे बरं वाटतं ते ठेव. डोळे मिटून त्रास होत असेल तर मिटू नकोस. श्वासाची साधना सगळ्यांना सगळ्या वेळी मानवत नाही हे मी आता वाचलं, आधी वाचायला हवं होतं.

पण तुझी वही मी रेघा मारून पाहिली. पेपर तपासणाऱ्या बाईची सवय. तू म्हणतेस काही दिसत नाही. मला दिसलं ते लिहिते.

सकाळी दुखणं कमी-जास्त आहे, त्याला काही नियम नाही. पण चौदापैकी बारा दिवस तू लिहिलं आहेस: "पाच वाजता जोरात." "पाच-सव्वापाच, मान धरली." "पाच वाजता, भांडं हातातून पडलं." फक्त दोन दिवस पाच वाजता काही नाही. बावीस तारीख आणि एकोणतीस. दोन्ही बुधवार. त्या दोन्ही दिवशी तू पुढे लिहिलं आहेस, "बाजारातून सातला आली."

म्हणजे पाच वाजता तू घरी नसलीस की दुखत नाही.

मोनाली, पाच वाजता तुझ्या घरासमोर काय होतं?

सांगायचं नसेल तर सांगू नकोस. पण मला नाही तर त्या समुपदेशक बाईंना सांग. पोट दुखलं तर पोटाच्या डॉक्टरकडे जातोच ना. जाणाऱ्याला कोणी येडं म्हणत नाही.

दीपा


८ फेब्रुवारी २०२५

ताई,

पाच वाजता गुरं घरी येतात. घंट्या वाजतात.

तू किसनरावचं लिहिलं नसतं तं मी हे लिहिलं नसतं.

दिवाळीनंतर वाघानं तांड्यावरचा खेमसिंग मारला हे तुले माहीत आहे, पेपरात आलतं. साठीचा माणूस, गावची गुरं चारायचा. मले 'साह्यबीन' म्हणायचा, चिडवाले. "साह्यबीन, तुमच्या सागाले माही गाय शिंग तं नाई लावत?" असं.

जे पेपरात आलं नाई थे असं. त्या दिवशी सकाळी त्यानं गुरं नवीन रोपवनात घातलती. दोन वर्षांची रोपं. मी पाह्यलं आन् ओरडली. पावती फाडीन म्हटलं. थो म्हणे, "मंग कुठं नेऊ, तुमच्या डोक्यावर चारू?" मी काठीनं दाखवलं. "नाल्याकडं ने." मी म्हटलं, ताई. मीच म्हटलं. चार दिवस अगोदर नाल्यात पंजे दिसलते, जुने होते, मले वाटलं वाघ पुढं गेला. थो गेला. हसत गेला.

दुपारी सापडला. डोलीले खांदा मी देला, उजवा, दोन कोस. संध्याकाळी पाच वाजता गुरं आपली आपण घरी आली. पुढं कोणी नाई, मागं कोणी नाई. नुसत्या घंट्या.

पंचनाम्यात लिहिलं आहे, "गुराखी नाल्याकडे चराईस गेला असता." अक्षर माह्यं आहे. कोणी धाडलं थे मी लिहिलं नाई. कोणी विचारलंबी नाई. सगळे म्हणतात मोनालीनं लय केलं, बाई असून खांदा देला. थे आयकलं का मान धरते.

डोळे मिटले का त्याची पाठ दिसते, जाताना.

मोनाली


कळंब
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय मोनाली,

तुझं पत्र हाती पडल्यावर उत्तर लिहिण्याऐवजी मी बस धरली ते बरं केलं. शनिवार-रविवारी तुझ्याकडे जे झालं ते तुला माहीतच आहे. जे तू पाहिलं नाहीस तेवढं लिहिते.

रविवारी सकाळी तू आत शेक घेत पडली होतीस. मावशीने अंगणात खाट टाकली आणि अख्ख्या गावात निरोप फिरवला, "कळंबची पायाळू बाई आली." मी तोंड धुऊन बाहेर येते तर पाच माणसं पाठी धरून उभी. मी मावशीला म्हटलं, "मावशी, हे काय?" तर म्हणाल्या, "तुह्या लाथेचे पैसे नाई घेत मी कोणाकडून, भेव नको." एक आजी तर पदर खोचून पालथी झोपलीच. "मार वं बाई, जोरात मार, माह्या सुनेचं नाव घेऊन मार."

पळून जावंसं वाटलं. मग वाटलं, तेव्हा किसनरावांपासून पळाले असते तर चाललं असतं, आता नाही. खाटेवर बसले आणि एकेकाला विचारलं: ताप येतो का, वजन उतरलं का, पायाला मुंग्या येतात का, लघवी अडते का. अकरावीच्या पोरांना सांगते तसं सांगितलं की माझ्या पायात काही नाही. चौघांना तुझ्या कागदातले व्यायाम आणि शेक दाखवला. पाचव्याचा डावा पाय बधिर होता. त्याला त्याच दिवशी मुलाच्या मोटारसायकलवर दवाखान्यात पाठवलं. आजी उठताना म्हणाल्या, "लाथ मारत नाई तं मंग आली कायले?"

आणि आता दुपारचं, ज्याच्यावर मी तीन रात्री वहीत लिहिते आहे. लच्छुबाईंचं तेल लावून मी तुझ्या खांद्यांमध्ये पाय ठेवला आणि हळूहळू भार दिला. आधी म्हटलं होतं, "यात जादू नाही, हाताला जोर कमी पडतो म्हणून पाय." तू म्हणालीस, "माहीत आहे, ठेव." मग तू रडलीस. मावशी दारातून म्हणाल्या, "पाह्यलं? लागली लाथ!" मी त्यांना खोडून काढलं नाही. का नाही काढलं? दमले होते म्हणून, की आतून कुठेतरी सुखावले म्हणून? ठरवता येत नाही. तुझी मान मी निघेपर्यंत मोकळी राहिली, ती पायाने की रडण्याने, तेही माहीत नाही. वहीत दोन्ही लिहिलंय आणि दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह केलं आहे.

समुपदेशक बाईंकडे गुरुवारी जाणार असं तू कबूल केलं आहेस. मी विचारणार आहे.

एक गोष्ट तोंडावर बोलले नाही. "तुझी चूक नव्हती" असं मी तुला म्हणू शकत होते. म्हणाले नाही, कारण मला कोणी तसं म्हटलं की माझा त्या माणसावरचा विश्वास उडतो. तू रोपवन राखलंस ते बरोबर होतं. पंजे जुने समजलीस ती चूक झाली. पंचनाम्यात अर्धंच लिहिलंस, ते तुला टोचतं आहे. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. तू तिन्हींची मोळी करून मानेवर घेतली आहेस.

दीपा


२३ फेब्रुवारी २०२५

दीपाताई,
जयभीम.

गेली होती गुरुवारी. बाई चांगली आहे, हसत नाई. म्हणे, श्वासाचं थे डोळे उघडे ठेवून कर. समोरच्या झाडाची पाच पानं मोज, पाय जमिनीवर टेकले आहेत थे ध्यानात घे, मंग श्वास. थे जमते. मले पानं मोजता येतात, माह्यं कामच थे.

तुझं मोळीचं वाचलं. शनिवारी सकाळी आईले न सांगता तांड्यावर गेली. खेमसिंगची बायको, जमनाबाई, अंगणात तूर पाखडत होती. मी उभ्यानंच सांगून टाकलं, बसली असती तं सांगणं झालं नसतं. रोपवन, पावती, काठी, नाल्याकडं ने, पंचनामा. सगळं.

तिचं सूप थांबलं नाई. मले वाटलं तिनं आयकलंच नाई. मंग म्हणे, "कोणतं झाड होतं?"

मी म्हटलं, "काय?"

"कोणत्या झाडापाशी सापडला? तीन महिने झाले, मले कोणी जागा दाखवली नाई. बायानं जाऊ नये म्हणे. तुमच्या लोकायनं फोटो काढले, माह्या पोरानं सह्या केल्या. मी कुठं जाऊन पाया पडू? चुलीपाशी?"

मी म्हटलं, "याडी, मले माफ कर." तांड्यावर मोठ्या बाईले याडी म्हणतात, आई म्हणून.

तशी ती उखडली. "माफीबिफी मी काही देत नाई. तू आली कायले, आपलं ओझं माह्या अंगणात टाकाले? आधी जागा दाखव. नेतं काय?"

नेते म्हटलं. आता तू सांग, पाच कोस जाणं-येणं आहे, चढ आहे. मान आज अर्धी बरी, अर्धी तशीच.

मोनाली


कळंब
२६ फेब्रुवारी २०२५

मोनाली,

जा.

रेंजर मॅडमना आधी सगळं सांग, पंचनाम्याचंही, आणि परवानगी घेऊन जा. सोबत दोन माणसं घे, दिवसाउजेडी परत या. गोळी चुकवू नकोस. चढाआधी थांब, थांबायची लाज बाळगू नकोस. पूर्ण बरी होण्याची वाट पाहू नकोस असं मला वाटतं, पण ही मान तुझी आहे. जिथे ती नाही म्हणेल तिथे तिचं ऐक.

तुझं पत्र वाचून मी काल आमच्या गावी मागच्या आळीत गेले. किसनराव वारून अकरा वर्षं झाली. घराला कुलूप आहे, मुलगा नागपूरला असतो. शेजाऱ्याकडून पत्ता घेतला. आज त्याला पत्र लिहायला बसले आहे. तीन ओळींच्या पुढे जात नाही. रात्र होण्याआधी पूर्ण करीन आणि पेटीत टाकीन.

दीपा


६ मार्च २०२५

दीपाताई,
जयभीम.

३ मार्चले हजर झाली. मॅडमले सगळं सांगतलं. त्या म्हणे, "लेखी दे. पुरवणी जबाब म्हणून वर पाठवते. वर काय होईल ते मला सांगता येणार नाही." देला. टेबलाचं त्यायनं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, परवा सांगते.

४ तारखेले सकाळी सात वाजता निघालो. पुढं दोन वनमजूर, मंग मी, मागं जमनाबाई. तिनं फडक्यात भाकर बांधलती, हातात पाण्याचा गडवा. चढावर माह्यी मान धरली, अशी धरली का डोळ्यापुढं अंधार. सागाले टेकली. पानं मोजली, पाच झाली, अजून पाच मोजली. जमनाबाई खाली उभी राहून पाहून राह्यली होती.

"दुखते?"

"दुखते."

"मलेबी गुडघा दुखते. चाल."

आन् मी चालली, ताई. दुखणं घेऊन चालली. थांबली, शेकाची पिशवी नव्हती तं उन्हात तापलेल्या दगडाले मान लावली, पुन्हा चालली. चार वेळा थांबलो असू. दोन वेळा तिच्यासाठी.

अर्जुनाचं झाड आहे नाल्याच्या काठाले. मी जागा दाखवली. तिनं वाळला पाला हातानं बाजूले सारला, भाकर ठेवली, पाणी ओतलं. मंग बसल्या जागेवरून एकेक विचारलं. वाघ कुठून आला? गुरं कुठं होती? तू सकाळी कुठं उभी होती? मी बोटानं दाखवत गेली. रोपवनाचा टेक तिथून दिसते. म्हटलं, "तिथं. तिथून मी काठी दाखवली." ती त्या टेकाकडं लय वेळ पाहत राह्यली. रडली नाई. मंग रिकामा गडवा उचलून उठली.

उतरताना तिनं माह्या खांद्यावर हात ठेवला. माया म्हणून नाई, गुडघ्यासाठी. उजव्याच खांद्यावर. मी सरकवला नाई.

तांड्यापाशी आल्यावर म्हणे, "वर्षाच्या दिवशी पोराले, सुनेले घेऊन येईन. वाट माह्या ध्यानात राहणार नाई. तू असशीन ना बीटावर?"

"असीन," म्हटलं.

काल सकाळी मॅडमकडं गेली आन् सांगतलं, टेबल नको. त्यायनं विचारलं, "मान?" मी म्हटलं, आहे. दर गुरुवारी यवतमाळले त्या बाईकडं जाते, लच्छुबाई येते, गोळ्या चालू आहेत, आन् गस्तीच्या वाटेत चार ठिकाणी थांबाचं ठरवलं आहे, त्याच्या नकाशावर खुणा करून ठेवल्या. त्यायनं नकाशा पाह्यला. म्हणे, "एक महिना पाहू."

एका महिन्यानं काय होईन मले माहीत नाई. उद्या सकाळी सहा वाजता गस्तीले निघाचं आहे.

मोनाली